मूळ किल्ली आणावी

७ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर पत्ता होता, फोन नंबर नव्हता. त्यावरून मी असं समजलो की बोलायचं नाही, पण लिहिलं तर वाचशील. म्हणून लिहितो आहे.

आधी आनंदाचं. पत्र बाबांना वाचून दाखवलं. पाचवा महिना लागला आहे, या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "पुढे वाच की. तिथेच काय घुटमळतोस?" घुटमळत मी नव्हतो. वाचून झाल्यावर पत्राची घडी त्यांनी माझ्याकडून मागून घेतली. ती त्यांच्या खिशात आहे, त्यामुळे तू नक्की काय लिहिलं होतंस ते पुन्हा बघायचं तर मला त्यांची परवानगी लागते.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. या महिन्यात येऊन जाईन असं तू लिहिलं आहेस. ताई, सध्या येऊ नकोस. रागावण्याआधी पुढचं वाच.

बाबांच्या कपाळावर उजव्या बाजूला आग होत होती. किल्ल्या पॉलिश करायच्या चाकावरचा कीस उडून बसला असेल, असं म्हणून त्यांनी टोपी खाली ओढली आणि काम करत राहिले. माझ्यापासून लपवलं. शेवटी शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी गमतीत त्यांची टोपी उडवली, तेव्हा दिसलं. भुवईपासून केसांपर्यंत पाण्याने भरलेल्या पुळ्या, आणि बरोबर कपाळाच्या मध्यावर पट्टी लावून रेघ मारल्यासारख्या थांबलेल्या. डावीकडे एकही नाही. नाकाच्या शेंड्यावर मात्र एक होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाकीच्या पुळ्यांकडे पाहिलं, पण नाकावरची पाहून त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकच नस जाते म्हणे. ही नागीण आहे. घड्याळवाले काका म्हणाले, "कमरेची नागीण ऐकली होती, कपाळाची आजच बघतोय." बाबा म्हणाले, "माझी जरा महत्त्वाकांक्षी आहे."

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं, आणि जेवढं कळलं तेवढंच लिहितो. बाबांना लहानपणी कांजण्या आल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण तो विषाणू शरीर सोडून जात नाही. नसेच्या मुळाशी दडून बसतो, जन्मभर. त्याला ओळखणाऱ्या काही पांढऱ्या पेशी आपल्या रक्तात असतात. त्याने डोकं वर काढलं की त्या स्वतःच्या नकला काढतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि मिळून त्याला खाली दाबतात. असं आयुष्यभर चालतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण दर नकलेला पेशीच्या आतल्या धाग्याचं टोक थोडं झिजतं. झिजलेल्यावर भर घालायची थोडी सोय असते, वय झालं की तीही आटते. कोऱ्या पेशींना तयार करणारी जागा छातीच्या हाडामागे आहे, ती तर तरुणपणापासूनच सुकायला लागते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं सगळं जुन्या नकलांवर भागतं. धागा फार आखूड झाला की पेशी पुढे नक्कल काढत नाही. मरतही नाही. नुसती बसून राहते आणि आजूबाजूच्या पेशींना त्रास देते.

बाबा हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे माझ्यासारख्याच की. काम होत नाही, मरत नाहीत, बसल्या जागी कुरकुर."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग बाबांनी त्यांना आपल्या दुकानातल्या पाटीबद्दल सांगितलं. तुला पाठ आहे ती: मूळ किल्ली आणावी. नकलेवरून नक्कल काढली की दर वेळी दात केसभर झिजतो, आणि चौथ्या-पाचव्या नकलेला किल्ली कुलपात जाते पण फिरत नाही. "अगदी तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाते, फिरत नाही."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आपल्याच दुकानाच्या शटरची मूळ किल्ली तू गेलीस तेव्हा तुझ्याजवळ राहिली. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तेव्हापासून मी नकलेवरून नक्कल काढतो आहे. आता रोज सकाळी किल्ली आत घालून थोडी मागे ओढावी लागते, मग खांद्याने शटर दाबावं लागतं, तेव्हा कुठे फिरते. नवं कुलूप बसवू म्हटलं तर बाबा नाही म्हणतात. हेच कुलूप खोलून माप घेतो म्हटलं तर त्यालाही नाही. हट्टी आहेत, तुला माहीत आहेच.

तू का येऊ नयेस, ते आता. ज्याला कांजण्या कधी झाल्या नाहीत, त्याला या पुळ्यांतलं पाणी लागलं तर कांजण्या होतात. गरोदर बाईला झाल्या तर तिलाही वाईट आणि बाळालाही. मला झालेल्या आहेत, म्हणून मी औषध लावू शकतो. तुला झालेल्या नाहीत. मी आजारी पडलो तेव्हा तुला मावशीकडे नेऊन ठेवलं होतं, तुला आठवत असेल.

खपल्या धरल्या की कळवतो. मग ये. बाबा ठीक आहेत. काळजी करू नकोस.

तुझा,
कानस

(हे नाव तूच ठेवलेलं. मी अजून तसाच आहे, एकच जागा घासत बसतो.)


१६ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं. चार ओळींचंच आहे, तरी मी बऱ्याचदा वाचलं. "परत तेच. घरात काही झालं की तू आत आणि मी बाहेर. मावशीकडे टाकलं तेव्हा तेच, दुकानाच्या वेळीही तेच. बाबांनीच नको म्हटलं असेल तर तसं सरळ लिही."

बाबांनी नको म्हटलेलं नाही. उलट आहे. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी निघाली असतीस. आणि "बाबा ठीक आहेत" असं लिहिलं, तेही खरं नव्हतं.

त्यांचा डावा डोळा तर तुझ्यासमोरच गेला. तार कापताना तुकडा उडाला, तेव्हा तूच त्यांचा हात धरून दवाखान्यात नेलं होतंस. आता जे काही आहे ते उजव्या डोळ्यावर, आणि नागीण त्याच डोळ्यात उतरली आहे. पहिल्याच दिवशी दाखवायला आले असते तर गोळ्यांचा जास्त उपयोग झाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळा राहील का, हे त्या सांगत नाहीत. "बघू" म्हणतात. डॉक्टर "बघू" म्हणतात तेव्हा काय समजायचं असतं, ते मला कळत नाही.

तुझं पहिलं पत्र ज्या दिवशी आलं त्या दिवसापासून बाबांचं एकच चाललं आहे. जसं बोलणं झालं तसंच लिहितो, तुला ते अजून उस्तादच म्हणतात.

"उस्तादला लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय म्हणते? कधी येते?"

"पुळ्या वाळल्या की येईल."

"पुळ्यांचं काय घेऊन बसलास? डोळा थांबणार आहे का तिच्यासाठी?"

मग मला बाळाला असलेल्या धोक्याचं सांगावं लागलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. ऐकताना ते हातातली किल्ली कापडाने पुसत होते, ती आधीच स्वच्छ होती. म्हणाले, "मग नको. येऊ नको म्हण. कडक शब्दांत लिही, नाहीतर ती ऐकायची नाही."

मी मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने त्यांनी हाताने बंद करायची खूण केली.

"रस्त्यापलीकडून?" ते म्हणाले. "तिथे त्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली तर? मी इथून बघीन. मला अजून तिथवर दिसतं. पाटीवरची अक्षरंसुद्धा वाचतो, हे बघ." आणि त्यांनी औषधाच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचून दाखवली.

मी नाही म्हटलं. वारा असतो, माणसं इकडून तिकडे जातात, काय सांगावं. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं म्हटलं. बाबा म्हणाले, "बरं बाबा, कानस. घास तू." नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. दुपारी मात्र खुर्ची काउंटरपाशी ओढून समोरच्या पायरीकडे तोंड करून बसतात.

दुकानाबद्दल तू लिहिलंस. त्यावर मी उत्तर देऊ शकत नाही. "लोक घराच्या किल्ल्या मुलीच्या हातात देणार नाहीत," असं बाबा म्हणाले तेव्हा मी तिथेच उभा होतो. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मलाही कळत होतं. नववीत शाळा सोडून मी तुझ्या स्टुलावर बसलो. स्टूल तुझ्या उंचीचं होतं, मला अजून ते थोडं उंच पडतं. तू आता कुलपांच्या कारखान्यात तपासनीस आहेस हे तुझ्या पत्रात वाचलं, तेव्हा बाबा घड्याळवाल्या काकांना म्हणाले, "आमच्या उस्तादने पास केल्याशिवाय तिथलं एक कुलूप बाहेर पडत नाही." तुला सांगायचं त्यांना जमत नाही. शेजारच्याला सांगतात.

उद्या त्यांना पुन्हा दाखवायचं आहे. रस्त्यापलीकडचं तेव्हा विचारतो. विचारल्याशिवाय येऊ नकोस.

तुझा,
कानस


१७ मार्च

ताई,

कालचं पत्र टाकलं आणि आज लगेच हे. यापुढचं सगळं कुरिअरने पाठवतो आहे.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. आधी रस्त्यापलीकडचं. त्या म्हणाल्या, "अहो, पुळ्यांतलं पाणी लागलं तर होतं. पट्टीने झाकलेलं आहे, हा माणूस आपल्या दुकानात, ती समोरच्या फुटपाथवर. तिथून काय होणार होतं?" मी विचारलं, "म्हणजे चाललं असतं?" त्या म्हणाल्या, "चाललं असतं."

बाबा बाजूलाच बसले होते.  त्यांनी काहीतरी टाकून बोलायला हवं होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बहिणीला कांजण्या झाल्या नाहीत, हे कशावरून?"

"तिला तेव्हा मावशीकडे ठेवलं होतं."

"ते कळलं. तिला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. मला इतकं पक्कं माहीत होतं की विचारायचं सुचलंच नाही. पुष्कळांना अगदी थोड्या पुळ्या येऊन जातात आणि घरात कुणाच्या लक्षातही राहत नाही, असं त्या म्हणाल्या. रक्ताची साधी तपासणी असते. कधीकाळी होऊन गेल्या असतील तर रक्तात कळतं. तसं असेल तर तू खुशाल समोर येऊन बसू शकतेस.

तपासणीचं नाव त्यांच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आहे, ती चिठ्ठी सोबत जोडतो. आजच कर. माझ्यावर राग असेल तर तो ठेव, पण तपासणी कर.

डोळ्याचं असं आहे. बुबुळावर पांढरं धुकं धरलं आहे. कालपर्यंत वाचत होते ती पाटी आज त्यांना वाचता आली नाही. मी मुद्दाम विचारलं नव्हतं. ते स्वतःच म्हणाले, "आज औषधाच्या दुकानवाल्याने पाटी धुवायला काढलेली दिसते." पाटी जागेवर होती.

जमेल तर फुटपाथवर तरी ये. मी आधी नाही म्हटलं होतं ते चुकलं. ये.

तुझा,
कानस


२९ मार्च

ताई,

तुझं पत्र, रिपोर्टची प्रत आणि फोन नंबर, तिन्ही मिळाली. नंबर दिलास तरी लिहितोच आहे. फोनवर मला हे नीट सांगता येणार नाही. हे पोचलं की तू फोन कर, मी उचलीन.

रिपोर्ट डॉक्टरीणबाईंना दाखवला. तू लिहिलंस तेच त्या म्हणाल्या. तुला कांजण्या होऊन गेल्या आहेत, फार पूर्वी. तुझ्या रक्ताला तो विषाणू ओळखीचा आहे. तुला किंवा बाळाला बाबांपासून काही धोका नव्हता. म्हणजे फक्त आत्ताच नाही, असं नव्हे. पहिल्या दिवसापासूनच नव्हता.

मावशीला तू फोन केलास ते बरं केलंस. ती आधी "छे गं" म्हणाली आणि मग रडली, असं तू लिहिलंस. मी तिच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं, असं वाटतं. "भावजींनी विश्वासाने पोर आणून ठेवली आणि माझ्याच घरात ती तापली. कोणत्या तोंडाने सांगू?" म्हणून तिने उष्णतेच्या पुळ्या म्हणून सांगितलं, आणि तुझा ताप उतरल्यावरच तुला घरी पाठवलं. आणि खरं तर तुला ते तिच्या घरात लागलंच नव्हतं. माझ्याकडूनच घेऊन गेली होतीस. तुला बाहेर ठेवलं तेव्हा उशीर झालेला होता. इतकी वर्षं मावशीला वाटत राहिलं की चूक तिची, तुला वाटत राहिलं की तू नकोशी, आणि मला वाटत राहिलं की तुला काही झालंच नाही.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे पोरगी त्याच आठवड्यात येऊन समोर बसू शकली असती."

"हो."

"आणि आपण दोन शहाणे दार लावून बसलो."

 त्यांनी हात पुढे केला, माझं डोकं कुठे आहे ते चाचपलं, आणि टपली मारली. म्हणाले, "माहीत नव्हतं तेव्हा लिहिलंस ते बरोबरच लिहिलंस. बाळाच्या बाबतीत मीही हेच केलं असतं." ते हे मनापासून म्हणाले. पण रस्त्यापलीकडचं काय? ते तर विचारता आलं असतं. दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. मी तपासणीच्या दिवसाची वाट बघत बसलो, कारण तारीख ठरलेली होती आणि तारखेआधी जाऊ नये असं मला वाटलं. तेवढ्या दिवसांत त्यांना पाटी वाचता येत होती.

डोक्याला हात लावायच्या आधी त्यांनी चाचपलं, त्यावरून तुझ्या लक्षात आलंच असेल. उजेड आणि सावली कळते. दारात कुणी उभं राहिलं तर कुणीतरी आहे एवढं कळतं. धुकं पुढे थोडं कमी होईल, कदाचित शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण आशा दाखवणार नाही असंही म्हणाल्या. पुळ्यांच्या खपल्या पडल्या आहेत. तिथली आग अजून जात नाही, रात्री उशी लागली तरी त्यांना चालत नाही.

तरी दुकानात येतात. किल्लीच्या दातांवरून अंगठा फिरवतात आणि कुठे जास्त कापली गेली ते सांगतात. मी डोळ्यांनी बघून तपासतो, तर बरोबर असतं. परवा एका गिऱ्हाइकाने झिजलेली किल्ली दिली. बाबांनी अंगठ्याने बघितली आणि म्हणाले, "ही नक्कल आहे. मूळ आणा." गिऱ्हाईक म्हणालं, "मूळ हरवली." बाबा म्हणाले, "हरवत नाही हो. कुणाकडे तरी असते."

काल मी त्यांना पुन्हा सांगितलं की आता तरी शटरचं कुलूप बदलू. सकाळी मी आजारी पडलो तर त्यांना खांदा लावून ते उघडायचं जमणार नाही. ते म्हणाले, "बदललं तर उस्तादची किल्ली कशाला लागेल?"

ताई, मी त्यांना सगळीकडे हट्टी म्हणत फिरलो. घड्याळवाल्या काकांना सांगितलं, तुलाही लिहिलं. रोज सकाळी ती किल्ली ओढताना आणि खांदा लावताना मनात त्यांना बोल लावले. तू गेल्यावर तुझ्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, तेव्हा मला वाटायचं की विषय संपला. ते तुला उघडता येईल असं एक दार राखून बसले होते आणि मला रोज त्या दारातून जाऊनही ते समजलं नाही.

आता तू येणार आहेस. घरात मागच्या दाराने येऊ नकोस, असा निरोप आहे. शटरनेच यायचं. गुरुवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी ये. ते आत आपल्या खुर्चीवर बसून राहणार आहेत आणि मी शटर बाहेरून लावून घेणार आहे. मी म्हटलं, गाडीला उशीर झाला तर तुम्ही अंधारात बसून राहाल. त्यावर ते म्हणाले, "मला आता काय फरक पडतो? कानस घे आणि घासत बस."

त्यांचं म्हणणं असं आहे: माझी किल्ली असली तर आधी खडखड होते, मग ओढाताण होते, मग शटर दाबल्याचा आवाज येतो. मूळ किल्ली लागली तर एकदाच टक् होईल, तेव्हा कोण आलं ते विचारावं लागणार नाही.

किल्ली घेऊन ये. थोडं तेल मी आजच घालून ठेवलं आहे.

तुझा,
कानस